नाव, नावं

कोरुम्बाच्या घाटाखाली पाणी चढतंय.
महिनाभर इथे थेंब नाही,
तरी चढतंय.
वर उत्तरेला कधीतरी पडून गेलेला पाऊस
आत्ता कुठे चालत पोचलाय.
ओनोफ्रे म्हणतो, आमची नदी पत्रासारखी आहे,
मजकूर नेहमी जुना.

होडीत तिघं. ओनोफ्रे वल्ह्यावर,
दोर्वालिना पुढे वाकलेली, हातात कात्री,
मध्ये मी, मांडीवर वर्तमानपत्रांची रद्दी
आणि दोन फळ्यांची दाबपेटी.
दोन्ही बाजूंना ती:
कमरेएवढ्या पाण्यात उभी,
पानं लांबट, बदाम ओढून ताणल्यासारखी,
फुलं फिकी गुलाबी, घशात गडद.
दुपारी मिटतील ओल्या कागदासारखी,
उद्या त्याच फांदीवर दुसरी.

कात्री चालते. चीक बोटांवर येतो.
फांदी आतून पोकळ.
"फुंक," ओनोफ्रे म्हणतो.
दोर्वालिना फुंकते.
दुसऱ्या टोकातून एक मुंगी बाहेर येते, नाराज.

संध्याकाळी कपाटं उघडून ती मला दाखवते
हिला कोण काय म्हणालं ते.
कुणी फुलाकडे बघून लिहिलं: मांसाच्या रंगाची.
कुणी फूल सोडून खोड चिरलं: नळीसारखी.
कुणी तिला रताळ्याच्या घरात नेऊन बसवलं,
जाड खोडाची म्हणून.
मग पुष्कळ वर्षांनी कुणीतरी
सगळे कागद एका टेबलावर पसरले
आणि म्हणालं, अहो, बाई एकच आहे.
तिकडे पश्चिम किनाऱ्याला वेल होऊन चढते,
इकडे झुडूप होऊन उभी राहते, इतकंच.
दोन उपजाती.
खोडलेली नावं तशीच खाली चिकटवलेली,
सासरी नाव बदललेल्या बाईच्या
शाळेच्या दाखल्यासारखी.

ओनोफ्रेच्या घरात एवढे वाद नव्हते.
आई बियांवरचे तपकिरी केस बघायची, म्हणायची रानकापूस.
मामा तिकडे ईशान्येच्या कोरड्या मुलखात.
तिथे कडक दिवसांत हिरवं म्हणून हीच उरते.
तो म्हणायचा शेळीमार.
एक शेळी होती, जासिरा.
चव लागली ती लागलीच,
समोर मका टाकला तरी मान हिच्याकडे.
मग ती मान थरथरायला लागली. मग मागचे पाय.
हे सांगताना ओनोफ्रे वल्हवत नाही.
"मामानं उपटलं, फेकलं नदीत.
पुढच्या वर्षी खालच्या वळणावर तेच झाड."
तेच कशावरून?
"मामाला ओळखत होतं."

भिंतीवर नकाशा. दोर्वालिना ठिपके देते:
पाराग्वे नदी, आमेझोन, ओरिनोको.
इथपर्यंत हात ठाम.
मग नाइल, मग गंगा, आणि ती थांबते,
पेन्सिल कानामागे खोचते.
अदलाबदलीत आलेला एक कागद पुढे सरकवते.
नदीचं नाव शाई पसरून गेलेलं,
स्थानिक नाव मात्र लख्ख.
"हा शब्द तुझ्याकडचा ना?"

बेशरम.

मी अर्थ सांगतो. ओनोफ्रे पोट धरून हसतो,
मग एकदम विचारतो, "तिला तिथे नेलं कुणी?"
माणसांनीच. कुंपणाला बरी म्हणून.
गुरं तोंड लावत नाहीत, तोडली तरी फुटते म्हणून.
"म्हणजे ज्यासाठी नेली..."
तो वाक्य पुरं करत नाही. मीही नाही.

माझ्या भाषेत
नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यात एका ठिपक्याचं अंतर आहे.
हे तिला कसं समजवावं कळत नाही,
मी नुसता नकाशाकडे बघतो.

दोर्वालिना आजचा कागद लिहायला घेते.
स्थळ: डावा काठ.
खोडते. सकाळचा काठ आता पाण्याखाली आहे.
रंग: फिका गुलाबी,
आणि पुढे बारीक अक्षरात,
वाळल्यावर राहत नाही.
स्थानिक नाव: इथे ती बराच वेळ काहीच लिहीत नाही.
दिव्याखाली कागदावरून
एक मुंगी चाललीय,
सकाळचीच असेल असं नाही.